लांधीतले ग्रंथसाहेब

सुरैण सिंगच्या अंगणात मटणाचा वास नव्हता, आणि तिथेच निधान सिंगच्या मनात पाल चुकचुकली.

नैरोबीच्या पंगानी भागातल्या या घरात रविवारी दुपारी मटण शिजलं नाही असं गेल्या तीस वर्षांत झालं नव्हतं. सुरैण स्वतः अंगणात शेगडी पेटवायचा, एका हातात कालथा आणि दुसऱ्या हातात ग्लास घेऊन दोन तास परतत बसायचा आणि आल्यागेल्याची टिंगल करायचा. धाकट्या भावाचं हे रविवारचं व्रत थोरल्याला कधी रुचलं नव्हतं. पण आज कढई घासून भिंतीला उपडी टेकवलेली पाहिल्यावर निधान सिंगला वाटलं, ती रटरटत असती तर फार बरं झालं असतं.

"बूट इथेच काढा, वीरजी. फरशी पुसलीय," सुरैण म्हणाला.

फरशी कोरडी ठणठणीत होती. निधान सिंगने बूट काढले. व्हरांड्यात घरातल्या सगळ्यांच्या चपला ओळीने लावलेल्या होत्या, घराच्या मालकाच्यासुद्धा. आणि सुरैणचे डोळे! बऱ्याच दिवसांनी पोटभर झोपलेल्या माणसासारखे ते स्वच्छ होते.

निधान सिंग जेवायला आला नव्हता, चोर धरायला आला होता. बायकोलाही त्याने तसं सांगितलं नव्हतं. पण सोबत आलेल्या बसंत कौरने त्याच्याबरोबर बेचाळीस वर्षं काढली होती, तिला सांगावं लागत नसे.

नऊ दिवसांपूर्वी, शुक्रवारी, रेल्वेच्या लांधीतल्या, म्हणजे कामगारांच्या चाळीतल्या, पत्र्याच्या गुरुद्वारातून ग्रंथसाहेब नाहीसे झाले होते. साधेसुधे नव्हेत. या दोघांचे वडील गज्जण सिंग मिस्त्री रेल्वेच्या कामावर आले, तेव्हा मोंबासाच्या धक्क्यापासून नैरोबीपर्यंत त्यांनी जे मांडीवरून खाली ठेवले नाहीत, ते. त्यांच्यासाठी गज्जण सिंगने रेल्वेचे उरलेले पत्रे मागून आणले आणि कामगारांच्या बिऱ्हाडांमध्ये आडोसा उभा केला. नैरोबीत आम्हा शिखांचं पहिलं छप्पर ते. पुढे गावात मोठं दगडी गुरुद्वार झालं. गज्जण सिंग दिवसा तिथे दगड घडवायचे आणि संध्याकाळी येऊन पत्र्याखाली वाचायला बसायचे. दगडी गुरुद्वाराच्या कमिटीत कोण बसणार यावरून शेतकरी जाट आणि कारागीर मिस्त्री यांच्यात वाजलं तेव्हा मिस्त्री मंडळींनी आपलं तिसरं गुरुद्वार बांधलं. सुरैण तिकडे गेला. निधान दगडीतच राहिला आणि आज बारा वर्षं तिथल्या कमिटीचा प्रधान होता. एका बापाचे दोन मुलगे एकाच गुरूला दोन दरवाजांनी नमस्कार करू लागले. तेव्हापासून एकाने 'आज ऊन आहे' म्हटलं तरी दुसरा बाहेर जाऊन बघून यायचा.

आता लांधीत चार शीख घरंही उरली नव्हती. सगळे इंग्लंडला निघाले होते. कमिटीने ठरवलं की पत्र्याचं गुरुद्वार बंद करायचं आणि तिथले व गावातले मिळून अकरा जीर्ण ग्रंथसाहेब बोटीने पंजाबात पाठवायचे, तिथे त्यांचा रीतसर अग्निसंस्कार होईल. यादी निधान सिंगच्या हातची होती. प्रत्येकापुढे कारण, खाली सही. लांधीतल्या ग्रंथसाहेबांपुढे त्याने लिहिलं होतं, 'वाचता येत नाहीत.' पेटी भरायला घेतली तर आत दहाच. सगळ्यांनी प्रधानाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि प्रधान रागाच्या भरात बोलून गेला की सोमवारी मोंबासाची गाडी सुटायच्या आत एकतर ग्रंथसाहेब आणीन, नाहीतर नेणाऱ्याचं नाव भरल्या संगतीसमोर सांगेन. सोमवार उद्यावर आला होता.

रिव्हर रोडवरचा अत्तर सिंग शिंपी शपथेवर सांगत होता की त्या शुक्रवारी भर दुपारी ग्रंथसाहेब महाराजांची स्वारी त्याच्या दुकानावरून पंगानीकडे गेली. पुढे एक आफ्रिकन गडी डब्यातून पाणी शिंपडत होता आणि मागे कुणीतरी महाराजांना डोक्यावर घेऊन चाललं होतं. कोण, ते मात्र त्याला सांगता येईना. महाराज दिसताक्षणी तो दुकानातून उतरला, रस्त्यावर गुडघे टेकून त्याने मान खाली घातली आणि स्वारी पुढे जाईपर्यंत वर केली नाही. त्याला दिसले ते पाय. अनवाणी, आणि त्यांच्यावर पांढऱ्या कापडाची किनार. रस्त्यावरच्या आणखी चार-पाच शिखांनीही हेच केलं होतं. भर बाजारातून ग्रंथसाहेब गेले आणि अख्ख्या बाजाराने श्रद्धेने चोराचे पाय तेवढे पाहिले.

पण पाणी शिंपडणाऱ्याच्या विजारीवर लाकडाच्या पॉलिशचे डाग होते, एवढं अत्तर सिंगच्या नजरेतून सुटलं नव्हतं. असली विजार निधान सिंगच्या ओळखीची होती. सुरैणच्या कारखान्यात तीस वर्षं रंधा मारणारा ओचिएंग दुसरं काही घालतच नसे. आणि पुढच्या महिन्यात मिस्त्री गुरुद्वाराचा उत्सव होता. नैरोबीतले सर्वांत जुने महाराज आमच्याकडे आहेत, असं तिथे मिरवायला कुणाला आवडणार नाही?

जेवणात कढी होती, काळी डाळ होती, मक्याच्या रोट्या आणि तळलेला मोगोचा कंद होता. सुरैणची बायको स्वर्ण कौर वाढताना फार बोलत होती. निधान सिंगने सहज विचारल्यासारखं विचारलं की आज मटण कसं नाही.

"डॉक्टरांनी ह्यांना बंद केलंय," स्वर्ण म्हणाली.

कोणत्या डॉक्टरांनी, असं विचारल्यावर नवरा म्हणाला शहा आणि बायको म्हणाली पटेल, दोघंही एकाच दमात.

"आणि ग्लास?"

"तोही त्यांनीच."

"मोठा पोचलेला डॉक्टर दिसतो," निधान सिंग म्हणाला. "मी तीस वर्षं डोकं फोडलं तेव्हा झालं नाही ते."

 सुरैणने फक्त डाळीची वाटी भावाकडे सरकवली.

बसंत कौर हात धुवायला मागच्या बाजूला गेली. तिचा संशय सुरुवातीपासून जावेवर होता. स्वर्ण वरून गोड, पण सासऱ्यांच्या पश्चात त्यांची हत्यारांची पेटी गुपचूप या घरात आली ती तिच्याच डोक्याने, असं बसंत कौर आजवर धरून चालली होती. तिने मागच्या गल्लीत नजर टाकली. पेरूच्या झाडापासून पन्हळीपर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर ओल्या चादरी एकीवर एक घातलेल्या, सावलीत, आंबट वास सुटलेल्या.

वर सपाट गच्ची होती. उन्हाने तापलेली, मोकळी. माझे कपडे तासात वाळतात, असं सांगून याच गच्चीवरून स्वर्णने सगळ्या जावा-नणंदांना जेरीस आणलं होतं.

बसंत कौर दोरीकडे बघत राहिली. फेब्रुवारीच्या उन्हात बाई गच्ची सोडून गल्लीत चादरी कुजवते, ती कशासाठी? कुणी वर चालू नये म्हणून. वर का चालू नये? खाली महाराज असले तरच. तिने बोटाने हिशेब केला, गच्चीचा हा कोपरा कोणत्या खोलीवर येतो. बीबीच्या.

बीबी म्हणजे या दोघा भावांची थोरली बहीण, बिशन कौर. सत्तरीची. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन ती लांधीत परत आली, आणि बाप गेल्यावर सुरैणच्या घरी. पण दर शुक्रवारी लांधीतल्या गुरुद्वारात झाडू मारायला जाणं तिने कधी चुकवलं नव्हतं. किल्लीच तिच्या ओढणीच्या पदराला असे. नऊ दिवसांत कुणाला तिची आठवणही झाली नव्हती. म्हाताऱ्या विधवेवर कोण कशाला संशय घेईल?

बीबी खोलीत नव्हती. खोलीच्या बंद दाराबाहेर बोळात बाज टाकून बसली होती, आणि एवढ्या उकाड्यात तिने पायांवर शाल घेतली होती. बसंत कौर पाया पडायला वाकली तशी बीबीने पाय आखडून घेतले. बसंत कौरने शाल उचलली. तळपायांना तूप-हळद लावून फडकी बांधलेली होती. एका फडक्यातून पाणी झिरपत होतं.

"डांबरावरून चाललात, बीबी?"

"सगळीकडे डांबर नव्हतं. उतारावर तेवढं होतं," बीबी म्हणाली. मग पाय आणखी आखडत, "सांगणार आहेस त्याला?"

बसंत कौरने शाल पुन्हा नीट पांघरली. बेचाळीस वर्षं ती नवऱ्याच्या बाजूने या घराविरुद्ध बोलत आली होती. कधी खरं, कधी पदरचं घालून. आज पहिल्यांदा तिचं तोंड या घराच्या बाजूने बंद झालं, आणि तिला भीती वाटली.

"मला काय दिसलंय सांगायला?" ती म्हणाली आणि बाजेच्या कडेला टेकली.

बाहेर अंगणात सुरैण सिंगला घाम फुटला होता. त्या शुक्रवारी संध्याकाळी तो कारखान्यातून आला तर बहिणीच्या खोलीत बाजेसारखी छोटी मंजी मांडलेली, वर चादरीचं छत, महाराज विराजमान, आणि बहीण दारात उभी. तिने एवढंच सांगितलं की ज्या घरात महाराज आहेत त्या घरात तू दारू पिऊन पाऊल टाकलंस तर मी त्यांना घेऊन रस्त्यावर बसेन. नऊ दिवस! पहाटे थंड पाण्याने आंघोळ, दारासमोरून जाताना डोकं झाकलेलं, रात्री गवारीची भाजी. चोरीचा माल घरात ठेवणारे लोक मजा मारतात असं त्याने ऐकलं होतं.

पण त्याने बहिणीला परत पाठवलं नव्हतं, कारण त्यालाही भावाचा संशय होता. महाराज गेले की लांधीवरचा आपला हक्क संपला. जागा रिकामी करायची एवढी घाई प्रधानाला का? दगडी गुरुद्वाराच्या आधी एका मिस्त्रीने काही उभारलं होतं, याची खूणच पुसून टाकायची असेल. कमिटीतल्या मोठ्या लोकांना खूश करायला निधान बापालाही बोटीवर चढवेल, असं तो स्वर्णला रोज सांगत होता.

निधान सिंगने ओचिएंगला हाक मारली. मागच्या खोलीत राहणारा ओचिएंग तीच पॉलिशची विजार घालून आला. त्याचं पंजाबी इंग्लंडला गेलेल्या आमच्या पोरांपेक्षा चांगलं होतं.

"त्या शुक्रवारी पाणी शिंपडत तू कुणाच्या पुढे चालला होतास?"

"मालकाच्या," ओचिएंग म्हणाला.

"कोणत्या मालकाच्या?"

"सगळ्यांच्या. ते डोक्यावर होते."

"आणि डोकं कुणाचं होतं?"

"पुढे चालणाऱ्याने मागे बघायचं नाही, असं मला सांगितलं होतं, प्रधानजी. मी बघितलं नाही."

निधान सिंग भावाकडे वळला. तो काही बोलायच्या आत सुरैण उठून उभा राहिला. "त्याला कशाला विचारता? मी आणलं."

"हे उद्या संगतीसमोर म्हणशील?"

"म्हणेन."

नऊ दिवस निधान सिंग याच शब्दाची वाट पाहत होता. तो मिळाला, आणि त्याला काही आनंद झाला नाही. उद्या हे नाव घेतलं की दोन्ही गुरुद्वारांत सुरैणला कुणी पाणी विचारणार नाही, हे त्याला माहीत होतं. आणि आपण ते घेणार, हेही माहीत होतं. शब्द दिला होता.

"याला कुठले महाराज पेलतात," दारातून आवाज आला. "स्वतःच्या लग्नात घोडीवरून पडलेला माणूस हा."

बीबी उभी होती. तिचा हात बसंत कौरच्या खांद्यावर होता. निधान सिंगने आधी बहिणीचे पाय पाहिले. शिंप्याने सांगितलेले पाय. मग बायकोचा खांदा पाहिला, आणि तिला हे ठाऊक होतं हे त्याला कळलं. पायांपेक्षा ते त्याला जास्त लागलं.

"तू?" तो बायकोला म्हणाला.

"मी जेवायला आले होते," बसंत कौर म्हणाली. "तुम्ही कशाला आला होतात ते तुमचं तुम्हाला माहीत."

बीबीने त्याला पाय धुऊन आत यायला सांगितलं. त्याला. प्रधानाला. निधान सिंगने नळावर पाय धुतले आणि तो आत गेला. त्याच्यामागून सगळेच आले, ओचिएंगसुद्धा दारात बसला. बीबीने रुमाल बाजूला केला आणि महाराज उघडले. पानं फाटलेली नव्हती. पिवळी होती, पण धड होती. फक्त प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर एक काळपट डाग होता, अंगठ्याएवढा. तीस वर्षं रोज संध्याकाळी दगड घडवून आलेल्या एका माणसाने तिथे धरून पान उलटलं होतं.

"तू लिहून दिलंस, वाचता येत नाहीत," बीबी म्हणाली. "बघ. कुठे वाचता येत नाहीत ते मला दाखव. दाखवलंस तर मी स्वतः पेटीत ठेवते."

निधान सिंग मंजीसमोर बसला. पानावरच्या ओळी सलग होत्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मध्ये कुठे फट नाही. जुन्या काळी महाराज असेच लिहिले जात. कुठे थांबायचं आणि कुठून पुढे निघायचं, ते समोर बसवून शिकवावं लागे. बाप शिकवायला बसायचा तेव्हा आठ वर्षांचा निधान रेल्वेच्या लाकडाच्या ढिगावर पळून जायचा. सुरैण तर अजून पाळण्यात होता. बसायची ती ही एकटी. पोरीला शिकवून काय करणार, असं लांधीतले लोक गज्जण सिंगला म्हणायचे. बारा वर्षं प्रधान म्हणून निधान सिंग जे वाचत आला होता ते नवे, मोठ्या ठशाचे, शब्दाशब्दात जागा सोडलेले महाराज. हे त्याने एकदा उघडले होते. दार लावून. मग मिटले होते आणि यादीत शेरा लिहिला होता.

त्याने पहिल्या ओळीवर नजर लावली. दुसऱ्या शब्दावर अडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला.  बसंत कौर जमिनीकडे बघत होती.

"मला वाचता येत नाही," तो म्हणाला.

"मलाही येत नाही, वीरजी," सुरैण मागून म्हणाला. "पण मी महाराजांवर ढकलून सही नाही केली."

ते खरं होतं. नऊ दिवस निधान सिंग घराघरात चोर शोधत होता, आणि एक गोष्ट त्याने स्वतःच लपवून ठेवली होती.

मग बीबीने वाचायला सुरुवात केली. चष्म्याशिवाय, बोट न ठेवता. ती जिथे थांबत होती तिथे बापू थांबायचे. ओळीच्या मधेच एकदा खाकरून पुढे जायची बापूंची सवय होती, तीसुद्धा तिच्यात उतरली होती. लाकडाच्या ढिगावर बसून त्याने हा आवाज रोज ऐकला होता आणि कधी जवळ आला नव्हता. निधान सिंगला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही.

वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "मला शिकवशील?"

"सहासष्टाव्या वर्षी?"

"तुझ्या पायांना उतार पडेपर्यंत तरी. तुझ्यानंतर वाचणार कोण?"

बीबीने महाराजांवर रुमाल ओढला. "माझ्यानंतरचं राहू दे. तू उद्या काय सांगणार आहेस? नाव घेणार म्हणून शब्द देऊन आलायस. माझं घे. मला कुणी काय करणार आहे?"

 निधान सिंगने उठून पगडी नीट केली आणि तिच्यावर पांढरी चादर दुमडून ठेवली.

"महाराज माझ्या डोक्यावर द्या," तो म्हणाला. "पेटीत नाही, लांधीत नेतो. नेणारा मी असलो म्हणजे उद्या खोटं बोलावं लागणार नाही. आणि का नेले तेही सांगतो. मग मला ठेवू देत प्रधान, नाहीतर काढू देत."

सुरैण गाडी काढतो म्हणाला, चार वाजले तरी रस्ता तापलेलाच होता. निधान सिंगने मान हलवली. "ती चालत आली."

सुरैणने आणि बीबीने मिळून महाराज उचलून त्याच्या डोक्यावर ठेवले. वजन त्याच्या अंदाजापेक्षा जास्त होतं. सत्तरीची बाई हे घेऊन दीड तास चालली होती. ओचिएंगने डबा भरून घेतला आणि कुणाला न विचारता पुढे झाला. सुरैण मागे चवरी घेऊन निघाला, त्याच्यामागे दोघी जावा, बरोबरीने. बीबी व्हरांड्यात बसून ते वळेपर्यंत बघत राहिली.

उतारावरच्या डांबराने निधान सिंगचे तळवे भाजायला लागले. पाणी पडलेल्या जागी पाय टाकायचा प्रयत्न तो करत होता, पण पाणी पडताक्षणी सुकत होतं. तो थांबला नाही.

रिव्हर रोडवर रविवारची सामसूम होती. अत्तर सिंग बंद दुकानाच्या फळीवर दाढी विंचरत बसला होता. महाराज दिसले तसा तो धडपडत उतरला, रस्त्यावर गुडघे टेकले आणि त्याने मान खाली घातली. त्याच्यासमोर येऊन अनवाणी पाय थांबले. स्वारी कधी अशी वाटेत थांबत नाही. अत्तर सिंग आणखी खाली वाकला.

"अत्तर सिंगा, मान वर कर," निधान सिंग म्हणाला. "उद्या कमिटी तुला पुन्हा विचारेल. या वेळी तोंड बघून ठेव."